विशेषणांची घडण

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत एक कोष्टक हटकून असतें. डाव्या रकान्यांत नाम किंवा क्रियापद, उजव्या रकान्यांत त्यापासून साधलेलें विशेषण, आणि वर रिकाम्या जागा भरण्याची आज्ञा. 'डेंजर'चें 'डेंजरस', 'केअर'चें 'केअरफुल', 'सन'चें 'सनी', 'फादर'चें 'फादरली' किंवा 'पॅटर्नल'. आम्हीं विद्यार्थिदशेंत हें कोष्टक पाठ केलें, आणि पुढें प्राध्यापक झाल्यावर कित्येक वर्षें तें दुसऱ्यांकडून पाठ करून घेतलें. त्यांत कांहीं उणें आहे अशी शंका आम्हांस कधीं आली नाहीं. ती शंका ज्या प्रसंगानें आली तो आमच्या विद्वत्तेस फारसा भूषणावह नाहीं. तरीही तो सांगितल्यावांचून या लेखाचें प्रयोजन ध्यानांत येणार नाहीं.

भाषांतराच्या तासास आम्हीं फळ्यावर एक साधें इंग्रजी वाक्य लिहिलें होतें. एक वृद्ध शिक्षक एका भेदरलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो, असा त्याचा आशय होता. आणि त्या हाताला 'फादरली' हें विशेषण होतें. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून वाचलें, "शिक्षकानें मुलाच्या खांद्यावर पैतृक हात ठेवला." वर्गांत हशा पिकला. पैतृक वाडा असतो, पैतृक जमीन असते. परंतु पैतृक हात म्हणजे वाटणींत मिळालेला हात कीं काय, असें कोणीसें म्हणालें, आणि त्या हंशांत आम्हीही सामील झालों. तो विद्यार्थी मान खालीं घालून म्हणाला, "सर, तुमच्याच टिपणांत 'फादरली, पॅटर्नल : पैतृक' असें दिलें आहे." त्यानें वही पुढें केली. तें खरेंच होतें. टिपण आमचें होतें, सांगणारे आम्हीच होतों, आणि ज्यानें आमच्यावर विश्वास ठेवला त्यालाच आम्ही हंसलों होतों.

त्या दिवसापासून हें कोष्टक आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. त्यांत चूक कोठें आहे? दोन रकाने आहेत आणि ते भरले आहेत. पण तिसरा एक रकाना हवा होता, तो मुळांतच नाहीं. नामापासून विशेषण बनतें तेव्हां शब्दाची केवळ जात बदलत नाहीं. तें नाम व पुढें येणारें विशेष्य यांच्यांत एक नातें जुळतें. ती वस्तु त्या नामानें *बनलेली* आहे, कीं त्यानें *भरलेली* आहे, कीं त्याच्या*सारखी* आहे, कीं केवळ त्याच्या*संबंधींची* आहे? हें नातें सांगणें हेंच विशेषणाचें काम. आणि कोष्टक नेमकें तेंच गाळतें.

इंग्रजीचे जे अस्सल देशी प्रत्यय आहेत त्यांत हीं नातीं फार स्पष्ट दिसतात. 'मॅनली', 'फादरली' यांतील शेवटचें अक्षर म्हणजे जुन्या इंग्रजींतील देह किंवा आकार या अर्थाचा एक शब्द होय. तोच झिजत झिजत प्रत्यय झाला, आणि त्याचाच दुसरा वंशज 'लाइक' हा शब्द 'सारखा' या अर्थानें आजही स्वतंत्रपणें नांदतो. तेव्हां 'फादरली' म्हणजे मूळ अर्थानें बापाच्या रूपाचा, बापासारखा. 'केअरफुल' मधील 'फुल' म्हणजे भरलेला, हें तर शाळकरी मुलालाही कळतें. 'होपलेस' मधील 'लेस' मात्र 'कमी' या अर्थाचा शब्द नव्हे. 'मुक्त, विरहित' या अर्थाच्या जुन्या शब्दाचा तो अवशेष आहे. म्हणूनच 'होपलेस' मनुष्याची आशा कमी झालेली नसते, ती नाहींशी झालेली असते. 'वुडन', 'वूलन' यांतील प्रत्यय द्रव्य सांगतो. 'स्टोनी', 'डर्टी' यांतील प्रत्यय एखाद्या वस्तूचा भरणा किंवा लेप सांगतो. आणि 'चाइल्डिश' मधील प्रत्यय नुसतें साम्य न सांगतां बहुधा नाकही मुरडतो. 'चाइल्डलाइक' म्हणजे बालकासारखा निरागस, 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. मूळ नाम एकच आहे. पण एका विशेषणानें मनुष्य उंचावतो आणि दुसऱ्यानें तोच खालीं येतो.

एकाच नामाला अनेक प्रत्यय लागले म्हणजे भाषेची सूक्ष्म दृष्टि कशी प्रकट होते याचा उत्तम मासला म्हणजे इंग्रजींतील 'अर्थ' हा शब्द. आपल्या 'अर्था'शीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, त्याचा अर्थ माती आणि पृथ्वी. त्यापासून 'अर्थन' झालें तें मडक्याला लागतें, कारण मडकें मातीचें बनलेलें असतें. 'अर्थी' झालें तें वासाला, रंगाला किंवा रांगड्या विनोदाला लागतें, कारण त्यांत मातीचा गुण असतो. 'अर्थली' झालें तें सुखाला, वैभवाला, जीविताला लागतें, कारण तीं स्वर्गांतील नसून इहलोकींचीं असतात. आणि या तिघांनंतर लॅटिनमधून आलेलें 'टेरेस्ट्रियल' शास्त्रज्ञांच्या दालनांत बसतें. मराठींत आपण अनुक्रमें मातीचें मडकें, मातकट वास, ऐहिक सुख आणि भूचर प्राणी असें म्हणूं. चारही ठिकाणीं 'पार्थिव' हा एकच शब्द वापरणाऱ्या भाषांतरकाराला शब्दकोश दोष देणार नाहीं. पण त्याचें मडकें शवागारांतलें वाटेल!

येथवर इंग्रजीचें घर नीटनेटकें आहे. पण या घराला दुसरेंही एक अंग आहे, आणि तें परभाषेच्या विटांनीं बांधलेलें आहे. 'सन' या नामाचें शास्त्रीय विशेषण 'सोलर', 'मून'चें 'लूनर', 'माउथ'चें 'ओरल', 'टूथ'चें 'डेंटल', 'डॉग'चें 'कॅनाइन', 'हाउस'चें 'डोमेस्टिक'. नाम स्वभाषेंतलें आणि त्याचें विशेषण लॅटिनमधलें. दोघांच्या चेहऱ्यांत नांवालाही साम्य नाहीं. मूल आणि त्याची दाई यांच्यांत असेल तितकेंही नातें यांच्यांत दिसत नाहीं. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, तेव्हां दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली, आणि विद्येची भाषा तर आधींपासून लॅटिन होतीच. रोजच्या वस्तूंचीं नांवें घरांत राहिलीं, त्या वस्तूंविषयीं विचार करण्याचे शब्द मात्र बाहेरून आले. विशेषण हें पुष्कळदां विचाराचें साधन असल्यामुळें परकेपणाचा भारही त्याच्यावर अधिक पडला.

डॅनिश भाषापंडित ऑटो येस्पर्सन यानें इंग्रजीची वाढ आणि बांधणी यांवरील आपल्या १९०५ च्या ग्रंथांत या उसनवारीचा विचार केला आहे. असे शब्द कठीण असतात, आणि त्यांच्या काठिण्यामुळें सुशिक्षित व अशिक्षित यांच्यांत भिंत उभी राहते, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ आहे. 'टूथ' जाणणाऱ्या शेतकऱ्याला 'डेंटल' आपोआप कळत नाहीं. तो निराळा शिकावा लागतो, आणि ज्याला शिकावयास सवड नाहीं तो स्वतःच्याच दांतांविषयींच्या बोलण्यांत परका ठरतो. आम्हांस हा आक्षेप अत्यंत मार्मिक वाटतो.

या उसनवारीविरुद्ध बंडें झालीं नाहींत असें नाहीं. सोळाव्या शतकांत सर जॉन चीक यानें मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचें भाषांतर करतांना 'लूनॅटिक' हा लॅटिन शब्द टाळून 'मून'पासून 'मून्ड' असें देशी विशेषण बनविलें. टॉमस विल्सन यानें १५५३ च्या आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथांत शाईच्या दौतींतून निघालेल्या अशा जड शब्दांची टवाळी केली. एकोणिसाव्या शतकांत डॉर्सेटचा कवि व पाद्री विल्यम बार्न्स यानें 'ग्रामर' या शब्दालाही हद्दपार करून त्या जागीं 'स्पीचक्राफ्ट' बसविला, आणि त्याच नांवाखालीं १८७८ सालीं ग्रंथ लिहिला. या सर्वांचा हेतु स्तुत्य होता, परंतु यश थोडें. चीकचा 'मून्ड' त्या अर्थानें रुजला नाहीं. 'लूनॅटिक' शतकानुशतकें चालला.

उलट पक्षीं, थट्टा करणाऱ्यांनाही काळ दाद देतोच असें नाहीं. बेन जॉन्सनच्या १६०१ च्या 'पोएटास्टर' नाटकांत एका कवीला औषध पाजून त्याच्याकडून त्याचे सारे अवजड शब्द ओकवून घेण्याचा प्रवेश आहे. त्या ओकारींत कोणते शब्द पडले हें आज पाहिलें तर मौज वाटते. 'टर्जिडस', 'ऑब्लॅट्रंट' आणि 'फ्युरिबंड' हे कोणाला आठवत नाहींत; पण 'रेसिप्रोकल', 'स्प्यूरियस', 'स्ट्रेन्युअस', 'डिफंक्ट', 'कॉन्शस' हीं विशेषणेंही त्याच पात्रांत पडलीं होतीं, आणि आज त्यांच्यावांचून इंग्रजी वर्तमानपत्राचें एक पानही निघत नाहीं. किंबहुना 'क्लम्झी' व 'डॅम्प' हे साधेसुधे शब्दही त्या यादींत आहेत! जॉन्सनची विनोदबुद्धि थोर होती. पण कोणता शब्द जगेल हें विनोदबुद्धीला कळत नसतें.

याचें कारण उघड आहे. परकें विशेषण केवळ परकें म्हणून मरत नाहीं आणि देशी विशेषण केवळ देशी म्हणून तगत नाहीं. त्याच्यासाठीं नात्याची एखादी रिकामी जागा असावी लागते. 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल' हीं तीन विशेषणें एका राजाभोवतीं उभीं आहेत. पहिलें इंग्रजी, दुसरें फ्रेंच वाटेनें आलेलें, तिसरें थेट लॅटिनमधून. पण त्यांनीं कामें वांटून घेतलीं आहेत. राजाचें फर्मान, राजाचें घराणें 'रॉयल' असतें. एखाद्या भिकाऱ्याचें औदार्य 'किंगली' असूं शकतें. आणि एखाद्या वृद्ध स्त्रीची चाल 'रीगल' असते. त्याचप्रमाणें 'पॅटर्नल' हें विशेषण आजोबांना, मिळकतीला आणि कायद्यांतील हक्कांना लागतें, आणि 'फादरली' हें हाताला, उपदेशाला, काळजीला. एक बापाचें *असणें* सांगतें, दुसरें बापासारखें *वागणें* सांगतें. आमच्या टिपणानें या दोघांना एका दोरीनें बांधलें होतें.

आतां इंग्रजी टीकाकारांतील दोन थोर पुरुषांच्या मताकडे वळूं. कारण विशेषणांच्या घडणीविषयीं नुसत्या कानावर विसंबलें म्हणजे केवढे मोठे लोक कसे चुकतात हें त्यांवरून कळतें. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यानें आपल्या कविचरित्रांत ग्रे कवीच्या वसंतगीताचें परीक्षण करतांना 'हनीड' या विशेषणास हरकत घेतली आहे. 'हनी' म्हणजे मध. तें नाम आहे, क्रियापद नव्हे. मग धातुसाधितांचा प्रत्यय नामाला लावावयाचा कशासाठीं? ही अलीकडे बोकाळलेली चाल आहे आणि ग्रेसारख्या विद्वानानें ती उचलावी याचें आपणांस वाईट वाटतें, असा डॉक्टरसाहेबांचा अभिप्राय. पुढें १८३२ सालीं कोलरिज यानें संभाषणाच्या ओघांत 'टॅलेंटेड' या शब्दावर असाच हल्ला चढविला. 'टॅलेंट' असणाऱ्यास 'टॅलेंटेड' म्हणावयाचें तर शिलिंग असणाऱ्यास 'शिलिंग्ड' कां म्हणूं नये, असा त्याचा उपरोधिक प्रश्न. आणि असलें भाषेचें हीण अमेरिकेंतून येतें असा शेराही त्यानें मारला. 'टॅलेंट' हें मुळांत एक वजन व तितकी रक्कम, आणि बायबलांतील दृष्टान्तामुळें त्याला बुद्धीचा अर्थ आला. म्हणून कोलरिजच्या थट्टेला धार आहे, हें आम्ही मान्य करतों.

परंतु धार असली म्हणजे न्याय असतोच असें नाहीं. जॉन्सनला जी चाल नवी वाटली ती त्याच्या जन्मापूर्वीं कित्येक शतकें इंग्रजींत होती. जुन्या इंग्रजींतही नामांना असा प्रत्यय लागून 'अमुक असलेला' या अर्थाचीं विशेषणें होत. 'हनीड' हाच शब्द मिल्टनच्या काव्यांत आहे, शेक्सपिअरच्या नाटकांत आहे. 'लँडेड' जमीनदार, 'बिअर्डेड' म्हातारा, 'विंग्ड' पांखरूं यांना कोणीच हरकत घेतली नव्हती. कारण संवयीनें कान बोथट होतात आणि नव्याच्या वेळीं तेवढे ते तिखट होतात. या प्रत्ययाचें रूप भूतकालवाचक धातुसाधितासारखें दिसतें, एवढ्यावरून त्याला मागें क्रियापद हवेंच असा हट्ट धरणें म्हणजे रूपसाम्यावरून वंश ठरविणें होय.

या बाबतींत आपल्याकडील वैयाकरणाची दृष्टि किती अधिक स्वच्छ होती हें सांगतांना आम्हांस अभिमान वाटतो. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत तारकादि गणांतील नामांना 'इत' प्रत्यय लावण्याची खास सोय केली आहे: तें ज्यास उत्पन्न झालें आहे, या अर्थीं. तारका उगवलेलें आकाश तारकित, फुलें आलेला वृक्ष पुष्पित. हीं रूपें 'लिखित', 'पतित' या धातुसाधितांसारखींच दिसतात, पण त्यांचा जन्म नामापासून आहे. आणि पाणिनीनें त्यांना स्वतंत्र सूत्र देऊन तो घोळ मुळांतच मिटविला. 'डेझीड' नदीकांठ आणि पुष्पित तीर ही एकाच रीतीची घडण आहे. संस्कृत कवींची 'पुष्पित' वनें ज्यानें वाचलीं आहेत त्याला ग्रेचा 'हनीड' वसंत खटकणार नाहीं. जॉन्सनला जी चूक वाटली ती पाणिनीला भाषेची शक्ति वाटली.

असाच एक वाद क्रियापदापासून बनलेल्या विशेषणांविषयीं माजला. १८७० सालीं रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन लेखकानें शब्दांच्या योग्यायोग्य वापरावरील आपल्या पुस्तकांत 'रिलायेबल' हा शब्द अशुद्ध ठरविला. आक्षेप असा कीं, 'रिलाय' या क्रियापदापुढें 'ऑन' हें अव्यय लागतें. आपण माणसावर विसंबतों, माणसाला विसंबत नाहीं. तेव्हां विशेषणांत तें 'वर' कोठें गेलें? आक्षेप तर्कशुद्ध आहे, पण भाषा तर्काच्या मापानें कापलेली नसते. 'लाफेबल' मध्येंही असेंच अव्यय गळलें आहे, आणि तो शब्द शेक्सपिअरनें वापरला आहे. शिवाय गंमत अशी कीं, 'टॅलेंटेड'ला शिव्या देणाऱ्या कोलरिजच्याच लेखणीतून १८०० सालीं 'रिलायेबल' उतरलेला आढळतो! एका हातानें दार लावणारा दुसऱ्या हातानें खिडकी उघडून ठेवतो, आणि भाषा खिडकीनें आंत येते.

क्रियापदापासून विशेषण होतांना नात्याचा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण येथें करणारा कोण आणि भोगणारा कोण हें ठरवावें लागतें. 'बोरिंग' म्हणजे दुसऱ्याला कंटाळा आणणारा. 'बोर्ड' म्हणजे स्वतः कंटाळलेला. आमचे विद्यार्थी तासाच्या शेवटीं "आय ॲम बोरिंग" असें म्हणतात तेव्हां त्यांना म्हणावयाचें असतें तें आमच्याविषयीं, आणि कबुली मात्र देतात ते स्वतःविषयीं. मराठींत व्याख्यान कंटाळवाणें असतें आणि श्रोता कंटाळलेला असतो. दोन प्रत्ययांत जी दरी आहे ती आपला कान जन्मतःच ओळखतो. इंग्रजीची दरीही तितकीच खोल आहे. ती दाखविण्याऐवजीं आम्ही दोन्ही रूपें एकाच रकान्यांत, तिरपी रेघ मारून, कोंबतों.

'रीडेबल' आणि 'लेजिबल' ही जोडीही अशीच. दोहोंचा शब्दशः अर्थ 'वाचतां येण्याजोगें' असाच. पण 'लेजिबल' हस्ताक्षर असतें आणि 'रीडेबल' पुस्तक असतें. एक डोळ्याला अडथळा करीत नाहीं, दुसरें मनाला. मराठींत आपण सुवाच्य अक्षर आणि वाचनीय पुस्तक असें म्हणून हाच भेद पाळतों. उलट कवीच्या हातीं क्रियापदाचें विशेषण पडलें म्हणजे तो प्रत्ययाला त्याच्या नेहमींच्या वाटेवरून वळवितो. शेक्सपिअरनें 'मेझर फॉर मेझर' मध्यें वाऱ्याला 'व्ह्यूलेस' म्हटलें: दृष्टि नसलेला नव्हे, दृष्टीस न पडणारा. कीट्सनें १८१९ च्या नाइटिंगेलवरील गीतांत तेंच विशेषण कवितेच्या पंखांना दिलें. प्रत्यय तोच, 'विरहित'. पण कोण कोणाविरहित आहे, हें नातें कवीनें उलटें फिरविलें, आणि त्या फिरण्यांतच काव्य आहे.

वाचक विचारतील कीं, इंग्रजीच्या या घरगुती भानगडीशीं मराठी मासिकाला काय कर्तव्य? कर्तव्य असें कीं, आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांनीं तें दोन रकान्यांचें कोष्टक मराठींत आणलें आहे. इंग्रजी विशेषण दिसलें कीं आम्ही त्याचें मूळ नाम शोधतों, त्याचा संस्कृत प्रतिशब्द काढतों, आणि त्याला 'इक', 'ईय', 'आत्मक' किंवा 'पूर्ण' यांपैकीं हाताशीं येईल तो प्रत्यय डकवितों. 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' हीं इंग्रजींत दोन विशेषणें आहेत: पहिलें इतिहासांत नोंदण्याजोगें, दुसरें इतिहासासंबंधींचें. आम्ही दोहोंना 'ऐतिहासिक' म्हणतों. मग ऐतिहासिक कादंबरी म्हणजे जुन्या काळावरची, कीं युग पालटविणारी, हें वाचकानें ताडावें. जो 'इमोशनल' मनुष्य आमच्या आजीच्या तोंडीं 'हळवा' होता तो आमच्या लेखांत 'भावनात्मक' झाला. जें 'मीनिंगफुल' मौन 'बोलकें' होतें तें 'अर्थपूर्ण' झालें.

संस्कृत शब्दांविषयीं आमचा द्वेष नाहीं. शास्त्रीय विचाराला 'रासायनिक', 'आर्थिक', 'भौगोलिक' हे शब्द हवेतच. तेथें 'संबंधींचा' एवढेंच नातें सांगावयाचें असतें आणि 'इक' तें काम चोख करतो. माधवराव पटवर्धनांनीं १९३८ च्या 'भाषाशुद्धि-विवेक' या ग्रंथांत परकीय शब्दांचा जो निवाडा केला, त्यांत न शिरतां आम्ही इतकेंच म्हणतों कीं, शब्द कोठून आला यापेक्षां तो कोणतें नातें सांगतो याची चौकशी आधीं व्हावी. आणि नातीं सांगण्याच्या कामीं मराठीची श्रीमंती पाहावी तर पाण्याच्या एका नामाकडे पाहावें. गुण नसलेला विनोद पाणचट, तेज असलेला घोडा पाणीदार, ओलावा धरणारी जमीन पाणथळ. दूध घ्या: दुधाचा चहा, दुधाळ गाय, दुधी रंग. सोनें घ्या: सोन्याची अंगठी, सोनेरी ऊन, सुवर्णयुग. इंग्रजीही 'गोल्ड' अंगठीला प्रत्यय लावीत नाहीं आणि ऊन व युग यांना मात्र 'गोल्डन' म्हणते. म्हणजे दोन्ही भाषा येथें एकाच शहाणपणानें वागतात, फक्त साधनें निराळीं. क्रियापदांकडे वळावें तर चावरा कुत्रा, मारका बैल, लाजरी मुलगी, टिकाऊ कापड, कोरीव काम, भांडखोर शेजारी. यांतील एकेका प्रत्ययांत स्वभाव, संवय, सामर्थ्य, कारागिरी आणि खोड यांचा निरनिराळा निवाडा आहे. 'भांडखोर' मनुष्याला 'संघर्षात्मक' म्हटल्यानें त्याचा शेजार सुसह्य होत नाहीं; फक्त वाक्य मेलेलें निघतें.

शिवाय मराठीजवळ एक गोष्ट अशी आहे कीं, जिच्यामुळें तिला पुष्कळ ठिकाणीं विशेषण बनविण्याची गरजच पडत नाहीं. तिची षष्ठी विशेष्याच्या लिंगवचनाप्रमाणें चालते: मनाचा थोरपणा, मनाची उभारी, मनाचें दुःख. 'चा, ची, चें' हा प्रत्यय नामाला घरचे कपडे न उतरवितां विशेषणाचें काम करावयास लावतो. इंग्रजीला 'माइंड' सोडून 'मेंटल' कडे जावें लागलें. आम्हांला 'मन' सोडून 'मानसिक' कडे जाण्याची सक्ति नव्हती. इंग्रजांवर ती वेळ एका पराजयामुळें व एका विद्यापरंपरेमुळें आली. आम्हीं मात्र ती भिंत आपल्या हातांनीं घातली, आणि ज्या शेतकऱ्याच्या मुलाला 'मनाचें दुःख' कळलें असतें त्याच्यापुढें 'मानसिक क्लेश' ठेवून त्यालाच अडाणी म्हटलें.

आतां त्या विद्यार्थ्याकडे परत जाऊं. वर्गांतील हशा थांबल्यावर आम्हीं वही हातांत घेतली, आपलेंच टिपण वाचलें, आणि चूक आपली असल्याचें वर्गासमक्ष सांगितलें. मग त्यालाच विचारलें, "तुमच्या घरीं हें कसें म्हणतील?" तो बराच वेळ गप्प राहिला. त्याची घरची बोली वर्गांत आणावयाची त्याला लाज वाटत असावी; ती लाज त्याला आमच्यासारख्यांनींच शिकविलेली. अखेर हळूच म्हणाला, "मास्तरांनी पोराच्या खांद्यावर बापाच्या मायेनं हात ठेवला, असं म्हणतील."

भाषांतर झालें होतें. आणि कसें झालें होतें हें पाहण्यासारखें आहे. इंग्रजीनें हाताला दिलेलें विशेषण त्यानें हातापासून काढून घेतलें आणि ठेवण्याच्या क्रियेला दिलें. कारण मराठींत हात बापासारखा नसतो, तो ठेवण्याची रीत बापासारखी असते. 'फादरली' मधील झिजलेला 'लाइक' त्याला कोणीं शिकविला नव्हता. तरी बापाचें असणें नव्हे तर बापासारखें वागणें, हें नेमकें नातें त्यानें ओळखलें. जें आमच्या कोष्टकाला साधलें नव्हतें तें त्याच्या आजीच्या बोलण्यानें साधलें.

त्यानंतर आम्ही विशेषणांचें कोष्टक शिकवावयाचें सोडलें असें नाहीं. परीक्षा आहेत आणि परीक्षांना रिकाम्या जागा आहेत. परंतु फळ्यावर आतां आम्ही तीन रकाने आंखतों. तिसऱ्यावर 'नातें' असें लिहितों, आणि तो भरण्याचें काम मागच्या बाकापासून सुरू करतों.